पहिला बार ज्याचा

९ नोव्हेंबर १९३४
दिवाळीची सुटी. मालगुजाराने बोलावणं धाडलं. (इथून पुढे नुसतं मा. पूर्ण शब्द लिहून शाई कशाला बाटवा.) ओसरीवर बसवलं, चहा दिला. दादा गेला तेव्हा हा कोतवालाकडून निरोप धाडून मोकळा झाला होता. आज स्वतः उठून उभा राहिला. गरज पडली की गुडघे बरोबर चालतात.

काम असं. संक्रांतीनंतर जिल्ह्याचा मोठा साहेब शिकारीला येतोय. तळ्याकाठी मा.ने नवं शिकारघर बांधलंय, ते साहेबाच्या हातून उघडायचं. या साहेबाला शब्दांचा नाद. जाईल त्या गावात विचारतो, हा शब्द कुठला, आला कुठून. म्हणून 'शिकार' या शब्दाचा अर्थ आणि उगम यावर मा. भाषण करणार, आणि लिहून मी द्यायचं.
"वजनदार लिहा मास्तर. चार संस्कृत शब्द टाका."

समोरच्या भिंतीवर दादा गेला त्या दिवसाच्या वाघाचं कातडं. मी कातड्याकडे बघत हो म्हटलं.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती धान पाखडत होती. सूप खाली ठेवलं.
"ज्यानं तुमच्या भावाले खाल्लं, त्याच्यासाठी लिहान तुमी?"
म्हटलं, लिहीन. त्याच्या दारात रोज जायला निमित्त हवं होतं, ते त्यानेच दिलं. तिला पटलं नाही. मला वाढलं, स्वतः चुलीकडे तोंड करून बसली.

१० नोव्हेंबर
कागदावर आहे: शिकारीत वाघाने मारले. खाली पंचांचे अंगठे.

दादाला शेवटची आंघोळ मी घातली. छातीवर एक गोल भोक, पाठीवर त्याहून मोठं. कुठे ओरखडा नाही, दाताची खूण नाही. ठाण्यात जाऊन सांगितलं तर जमादार म्हणाला, मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा.

मा.चा हाका म्हणजे कुळाच्या घरामागे एक माणूस द्यायचाच. रानात गलका करत जनावर त्याच्या मचाणापुढे हाकलून न्यायचं, आणि गोळी त्याने घालायची. आमच्या घरचा माणूस दादा. मी शाळेत शिकावं म्हणून लहानपणापासून माझ्या पाळीलाही तोच जायचा, ढोल गळ्यात घालून. मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाचाला वाजवायचा तोच ढोल. या वर्षी मंडई झाली, दंडार झाली, ढोल दुसऱ्याचा होता. मी गेलो नाही.

मला काय पाहिजे ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर राग इकडे तिकडे सांडतो. तुरुंग नको, भरपाई नको. त्याच्या तोंडून ऐकायचंय, गावासमोर, की मी मारला. मग त्याचं काय व्हायचं ते होवो. वाईट झालं तर उत्तम.

१४ नोव्हेंबर
शाळेच्या कपाटातला जाडा कोश घरी आणला. कसरीने कडा खाल्ल्यात.

मृगया. धातू मृग्, म्हणजे शोधणे, माग काढणे. मृग म्हणजे आधी नुसतं हरीण नव्हे, रानातलं कुठलंही जनावर, ज्याचा माग काढायचा ते. मार्ग हा शब्दही काही जण त्याच घरचा मानतात. म्हणजे मुळात मारणं नाहीच त्यात. शोधणं आहे.
बरं. मग मीही मृगयेलाच निघालोय.

मा.ला यातलं 'राजे लोक मृगयेला जात' एवढंच आवडलं. बाकी खोडायला लावलं.

१९ नोव्हेंबर
सापडलं. एकटाच इतका हसलो की वहिनी आतून बघायला आली.

पारध. आपला साधा रोजचा शब्द. त्याचं जुनं रूप पारद्धि, आणि त्याच्या मागचं संस्कृत पापर्द्धि. पाप अधिक ऋद्धि. पापाची भरभराट! जुन्या लोकांनी शिकारीला हे नाव दिलं होतं. कोणी दिलं असेल त्याच्या पाया पडावं.
आता हे मा.च्या तोंडात घालायचं. पापर्द्धि म्हटलं तर 'पाप' त्यालाही ऐकू येईल. पारद्धि म्हटलं तर नाही.

२३ नोव्हेंबर
मा. खूश. पारद्धि, पारद्धि, असं दोनतीनदा घोळवून म्हणाला. अर्थ विचारला. म्हटलं, मालक, त्यात ऋद्धी आहे. एका अक्षराचं खोटं बोललो नाही.
"वा मास्तर. हेच नाव देऊन टाकू शिकारघराला."
गोंदियाहून पेंटर बोलावणार. फाटकावर कमान, कमानीवर हिरव्या रंगात पारद्धि. माझी झोप उडेल असं वाटलं होतं, पण छान लागली.

२ डिसेंबर
पाटी लागली. दुरून वाचता येते. येणारे जाणारे लोक म्हणतात, चांगलं नाव आहे.

आज वहिनीला सगळं फोडून सांगितलं. पाप, ऋद्धी, पाटी, सगळं. वाटलं, ती हसेल.
"त्याले समजलं का?"
नाही.
"गावाले?"
नाही.
"मंग तुमीच तुमाले गुदगुल्या करून राहिले, भाऊजी."
आणि उठून पाण्याला गेली.

खरं आहे. ज्याचा सूड त्यालाच ठाऊक नाही, तर मी नुसता पाटी वाचून खूश होणारा मास्तर. फार लागलं. लिहितानाही लागतंय.

३ डिसेंबर
वहिनी काल पाण्याहून आली ती त्या दिवसाबद्दल बोलायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिच्याच शब्दांत ठेवतो.

"मी वावरात लाखोरी उपटून राहिली होती. त्यायचा ढोल आयकू येत होता. मले त्यायचा हात माहीत हाये, शंभरात वरखीन. पयला बार झाला अन् ढोल बंद पडला. बाकीच्यायचे डबे वाजतच होते. मंग वाघाची डरकारी आली. मंग दुसरा बार. मंग लोक वरडले, पडला, पडला. मले वाघाचं काई नाई वाटलं. मी ढोलाची वाट पाहून राहिली होती."

मी विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे?
"साऱ्यायले. आयकू नाई आलं असा गावात कोन हाये? पन सांगतलं कोनाले, अन् कायले?"

मी त्या दिवशी भंडाऱ्याला होतो. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

पहिल्या बाराला दादा. दुसऱ्या बाराला वाघ. बंदुका दोनच होत्या. एक मा.ची, एक गोंदियाच्या लाकूड ठेकेदाराची. पहिला बार कोणाचा, हे काढायचं.

११ डिसेंबर
काढावं लागलं नाही. त्यानेच ओकलं.

भाषण वाचून दाखवायला गेलो होतो. ठेकेदार आलेला. कातड्याकडे बोट करून म्हणाला, "मालगुजार साब, अब तो ये मेरे घर भेज दो. शेर मेरी गोली से गिरा था." हसत म्हणाला, पण मनापासून म्हणाला.
मा. ताडकन उठला. पहिला बार माझा होता, पहिल्याच बाराला वाघ लोळला, तुमचा बार नंतरचा आणि तो झाडात गेला. ठेकेदार म्हणाला, पहला आपका था, मानता हूँ, लेकिन शेर तो तब निकला भी नहीं था. मा.चा चेहरा लाल. गड्याने मध्येच पान आणलं म्हणून निभावलं.

ठेकेदार गेल्यावर माझ्याकडे वळला.
"लिहा मास्तर. हा शिकारीचा कायदा आहे, साहेबाला कळला पाहिजे. पहिला बार ज्याचा, शिकार त्याची. मग जनावर कुठेही पडो, त्याच्यावर मागून कोणीही गोळ्या झाडो."

लिहिलं. मग अगदी गरीब आवाजात विचारलं, आणि मालक, त्या वाघाला पहिला बार आपलाच होता, हेही घालू का?
"घाला की. ठळक लिहा."
ठळक लिहिलं.

१६ डिसेंबर
शिकार. फारशी शब्द. मारायला जाणं तीही शिकार आणि मरून पडतं तीही शिकार. एकच शब्द दोघांना. कोशात एका ओळीत दोन्ही अर्थ शेजारी बसलेत, अर्धविराम देऊन.

कागदात लिहिलंय, दादा 'शिकारीत' मेला. त्यातला एक प्रत्यय काढला की झालं. दादा शिकार. आणि शिकार कोणाची, तो कायदा मा.ने मला सांगितलाच आहे.

२७ डिसेंबर
मळणीचे दिवस, सगळे खळ्यावर. मंगरूकडे गेलो. हाक्याचा म्होरक्या, टोल्यावरच्या वस्तीतला म्हातारा गोंड, दादाचा जोडीदार. त्या दिवशी दादाला खांद्यावरून आणणाऱ्यांत तोच पुढे होता.

त्याला मा.चा कायदा वाचून दाखवला. तो थुंकला. म्हणाला, मालकाच्या त्या गोष्टीला शिकार म्हणत असतील, हाका म्हणत असतील, त्यांची बोली वेगळी. आमच्यात शिकारीला वेटा म्हणतात. वेट्यात चालला त्या प्रत्येकाला वाटा मिळतो, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, गरोदर बाईला. मालकाच्या हाक्यात आम्हाला कधी हाडूकही मिळालं नाही.

मग मी विचारलं, शिकार घरी कशी आणता.
"बासाले बांधून, चौघंजन. ज्यानं पयले मारलं त्याच्या दारात. त्यानं बाहेर याचं, पानी द्याचं, हात लावून 'माही' म्हनाचं. त्यानं माही म्हनल्याबिगर खांद्यावरून उतरवत नाई."
कधीच नाही?
"उतरवली तं ते वझं आननाऱ्याच्या घरी येते. कोन घेईन?"

मग त्यानेच विचारलं, "ढोल कुठी हाये?"

२९ डिसेंबर
ढोल वहिनीच्या खोलीत, खुंटीला. एका बाजूच्या चामड्याला भोक, मागचं लाकूड फुटलेलं. गोळी आत शिरली ती आधी यातून. मी आजवर तो हातात घेतला नव्हता.

वहिनीला सांगितलं, काय होऊ शकतं तेही सांगितलं. वावर मा.चं, तो काढून घेईल. शाळा समितीत त्याचा शब्द चालतो, माझी नोकरी जाईल. मंगरूच्या टोल्याला सरपण बंद करेल. ती ऐकत होती. मला वाटलं, नको म्हणेल. खरं सांगायचं तर थोडं वाटलं, म्हणावं.
"वावर गेलं तं केशोरीले बाप हाये माहा. तुमाले कुठी जाचं ते पाहून घ्या."
ढोल खुंटीवरून काढला, पदराने पुसला, माझ्या हातात दिला.

१० जानेवारी १९३५
मा.ला भाषण पाठ झालं. आरशासमोर म्हणतो. मला उच्चार सुधारायला बसवतो. आज 'पहिला बार माझाच' म्हणताना छातीवर हात ठेवला. म्हटलं, उत्तम, मालक, तिथे थोडं थांबा, लोकांना ऐकू द्या.
इतकं गोड मी बायकोशी बोललो नसतो, लग्न झालं असतं तर.

१८ जानेवारी
टोल्यावर चौघं ठरले. नंतर कळलं, बदली खांदे द्यायला आणखी लोक तयार आहेत. कुणबी, ढिवर, महार, आमच्या आळीतलेही. मी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर मंगरू म्हणाला, सगळ्यांनी ऐकलाय ढोल थांबताना.
भीती वाटते. राग मात्र तसाच आहे, तसूभर कमी नाही. एक आहे म्हणून दुसरं जात नाही.

२४ जानेवारी
झालं. जमेल तसं लिहितो.

शिकारघरापुढे मांडव. साहेब, मडम, ठेकेदार, पोलीस जमादार, गाव. मी मा.च्या मागे दुभाषा म्हणून उभा. बायकांत वहिनी, अगदी पुढे, पांढऱ्या लुगड्यात. मा.ने तिला बघितलं आणि नजर कागदावर नेली.

मृगया झाली. पारद्धि आली तेव्हा साहेबाने मान वर केली, तो शब्द पुन्हा म्हणायला लावला, मग कमानीवरच्या पाटीकडे बघितलं. गालात हसला की काय, सांगता येत नाही. त्या हसण्यासाठी महिनाभर आधी मी जीव दिला असता. आज लक्षही नव्हतं.

मग कायदा. पहिला बार ज्याचा, शिकार त्याची. मा. थांबला, मी शिकवल्यासारखा. छातीवर हात. "मागच्या माघातला तो वाघ. पहिला बार माझाच."

टाळ्या साहेबाच्या लोकांच्याच. ठेकेदार मोठ्याने म्हणाला, "हाँ हाँ, पहला आप ही का था," आणि पानाची पिचकारी टाकली.

बांधावरून चौघं येताना दिसले. खांद्यावर लांब बांबू, मधोमध ढोल, दोरीने आवळलेला, सांबर बांधतात तसाच. चाल तीच, शिकार आणायची, दुडकी. कमानीखालून आत आले, मांडवाच्या कडेने थेट शिकारघराच्या दाराशी जाऊन थांबले. मंगरू पुढे.
"मालक, तुमची शिकार आनली. पयला बार तुमचा."

मा. म्हणाला, हा काय तमाशा आहे. साहेबाने मला विचारलं, हे लोक काय म्हणतात.
मी किती दिवस हे वाक्य घोकत होतो. ऐन वेळी घोकलेलं एकही आठवलं नाही. म्हटलं, साहेब, हा माझ्या भावाचा ढोल. पहिल्या बाराला हा थांबला. वाघ दुसऱ्या बाराला पडला. पहिला बार कोणाचा ते यांनी आत्ताच आपल्याला सांगितलं.
आवाज फाटला माझा. फाटू दे.

साहेबाने ढोलाकडे बघितलं. उठला, जवळ गेला, चामड्याच्या भोकात बोट घातलं. मग मा.कडे वळून इंग्रजीत विचारलं, हळू, हे खरं का. मा.ने माझ्याकडे बघितलं. मी दुभाषा ना. मी काही सांगितलं नाही.

मा. आत गेला आणि दार लावून घेतलं.

२५ जानेवारी
साहेब सकाळी निघून गेला, शिकार न करता. जाताना जमादाराशी बाजूला बोलला. ठाण्यातून लोक येणार आहेत. कोणासाठी येणार, ते जमादार सांगत नाही. माझ्याकडे बघून हसलाही नाही, रागावलाही नाही.

बांबू खाली टेकलेला नाही. खांदे बदलतात. नवेगावच्या बाजाराला जाणारे लोक वाकडी वाट करून येतात, थोडा वेळ खांदा देतात, जातात. दारावर थापही कोणी मारत नाही. त्याची गरज नाही.

दुपारी मा.चा गडी खिडकीतून बोलला. मालक म्हणतात, ते खाली ठेवा, मग काय ते बोलू. बाईच्या नावाने वावर करून देतील, तेही म्हणतात. सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं.
"वावर नको. एक शब्द पायजे."
खिडकी लागली.

२६ जानेवारी
शिकारघराला मागचं दार आहे, ते तळ्यावर उघडतं. खाली त्याची नाव बांधलेली. पण वल्हवायला ढिवर कोणी आला नाही, आणि मा.ला वल्हवता येत नाही.

शाळेत गेलो नाही. विचारायलाही कोणी आलं नाही. पोरांचे बाप सगळे इथेच.

संध्याकाळी माझी पाळी आली. दादाच्या जागी हाक्याला मी कधी गेलो नव्हतो. आज पहिल्यांदा मंगरूच्या मागे उभा राहिलो, खांद्यावर बांबू घेतला. सोललं लगेच. शाळामास्तरचा खांदा.

दाराच्या अगदी आतून खोकला ऐकू आला. म्हणजे तो खाटेवर नाही. दाराला लागून उभा आहे. दादा सांगायचा, हाक्यात जनावर पळत नाही आधी, दाट गवतात जिथल्या तिथे उभं राहतं, आणि ऐकतं.

वहिनीला म्हटलं, ऐकलं का.
"आयकलं," ती म्हणाली. तांब्यात पाणी भरून तिने उंबऱ्याशी ठेवलं होतं, त्याने बाहेर येऊन द्यायला. "पानी ठेवलं हाये. निंगल बाहेर. आपल्याले कायची घाई हाये?"
मी खांदा बदलला नाही.